‘दादा’ : एका संबोधनाविषयी

‘दादा’ म्हणजे थोरला भाऊ. पण गल्लीतला गुंडही ‘दादा’च, म्हणून ‘दादागिरी’ हा शब्द. कँटोनीज भाषेतील ‘दाइ लो’ या शब्दातही थोरला भाऊ आणि टोळीचा म्होरक्या असे दोन्ही अर्थ नांदतात. जॉन वू यांच्या ‘अ बेटर टुमॉरो’ (१९८६) या हाँगकाँगच्या चित्रपटातील पेच असाच आहे. थोरला भाऊ गुन्हेगार, धाकटा पोलीस. ‘दीवार’ (१९७५) पाहिलेल्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल. टोळीतला मित्र थोरल्यासाठी परत येतो आणि धाकट्याला भावाचे मोल समजावत असतानाच गोळी लागून कोसळतो. त्याचे वाक्य अपुरे राहते.

पडेगावच्या आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा रस्त्याकडची खोली मी स्वतःकडे ठेवली. तेव्हापासून धाकटा भाऊ मला ‘सर’ म्हणतो. शब्द आदराचा आहे. पण त्यात नाते उरलेले नाही. भाषाविज्ञान शिकवणाऱ्या मला हा अर्थभेद पहिल्याच दिवशी कळला होता, तरी त्याच्या दारी जाणे मी लांबवत राहिलो. हा पाठ संपवून आज मी तिकडे निघालो आहे.

तुमच्या बोलीत थोरल्या भावाला काय म्हणतात? त्या हाकेचा अर्थ केव्हा बदलतो, याची नोंद करा.