दोन नावांचे गाव

वाटाड्याबरोबर गाव पाहणे मला फारसे मानवत नाही. चाळीस माणसांच्या घोळक्यात असलो तर ठीक. मागे रेंगाळून बुटाची नाडी बांधता येते, दुकानाच्या काचेत डोकावता येते आणि तो सनावळ्या सांगत असताना आपण खुशाल दुसऱ्या विचारात राहू शकतो. शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावरची मंडळी जे सुख उपभोगतात तेच हे सुख. वीस वर्षे खडू हातात धरून समोर उभा राहिल्यामुळे त्याची मला चांगली ओळख आहे. पण खाजगी फेरी म्हणजे खाजगी शिकवणी! ऐकणारे दोघेच. जांभई आली तरी गिळावी लागते.

म्हणून मेव्हण्याने जेव्हा जाहीर केले की, "भावोजी, उद्या मला ड्यूटी आहे. तुमच्यासाठी आणि ताईसाठी एक गाईड ठरवलाय, फक्त तुम्हा दोघांसाठी," तेव्हा मी काही आनंदाने उडी मारली नाही. सौ.ने पैसे किती ते विचारले. "ताई, पौंडांचे रुपये करायचे नाहीत हं," तो म्हणाला. तिने ते मनातल्या मनात केलेच. कारण रात्री निजताना ती मला म्हणाली, "उद्या सगळं नीट लक्ष देऊन ऐका."

मेव्हणा तिथल्या एका रुग्णालयात डॉक्टर आहे. तिथे म्हणजे डेरीला. आता हे 'डेरी' मी लिहून गेलो खरा, पण हे नाव उच्चारणे ही साधी गोष्ट नव्हे, हे त्याला पहिल्याच आठवड्यात उमगले. आयर्लंड बेटाच्या उत्तरेला, फॉइल नदीच्या काठी वसलेले हे शहर ब्रिटनच्या राज्यातले. आयरिश प्रजासत्ताकाची हद्द तिथून अगदी हाकेच्या अंतरावर. आपण आयरिश असे मानणारा, बहुधा कॅथलिक, माणूस त्याला डेरी म्हणतो. आपण ब्रिटिश असे मानणारा, बहुधा प्रॉटेस्टंट, लंडनडेरी म्हणतो. नाव घेतले की तुमची जात कळली! तेव्हा आमचे डॉक्टरसाहेब रुग्णांशी बोलताना नुसते 'गावात' म्हणतात. नवऱ्याचे नाव न घेता संसार करणाऱ्या आपल्या आज्यांची त्या वेळी मला आठवण झाली.

मूळ आयरिश शब्दाचा अर्थ ओक वृक्षांची राई. सहाव्या शतकात कोलमकिल नावाच्या संताने इथे मठ बांधला अशी परंपरा आहे, म्हणजे देवराईच म्हणा ना. आपल्या वडगाव, पिंपळगाव, चिंचवड यांच्याच कुळातले हे नाव. पुढे १६१३ साली राजाच्या सनदेने लंडनच्या व्यापारी संघांना हा मुलूख वसाहतीसाठी मिळाला आणि राईच्या डोक्यावर 'लंडन' येऊन बसले. १९८४ साली नगर परिषदेने आपल्या नावातून लंडन काढून टाकले. पण शहराचे कायदेशीर नाव मात्र लंडनडेरीच आहे, असा न्यायालयाने २००७ साली निर्वाळा दिला. न्यायालयाचे काम न्यायालयाने केले. रस्त्यावरच्या पाट्यांवरचे 'लंडन' रंगाने पुसून टाकण्याचे काम गावातली काही मंडळी करीतच आहेत. दोन्ही नावे लिहून मध्ये तिरपी रेघ ओढायची, असा तोडगा वर्तमानपत्रांतून निघाला, तेव्हा तिथल्या एका विनोदी रेडिओ निवेदकाने गावाचे नावच 'तिरपी रेघ' ठेवून दिले. दोन्ही बाजू त्यावर हसल्या. त्या गावात ही काही लहान गोष्ट नव्हे.

आमचा वाटाड्या गिल्डहॉलच्या दारात उभा होता. पासष्टीच्या आसपासचा, ठेंगणा, डोक्यावर चपटी टोपी. पाऊस पडत होता, पण त्याने छत्री आणली नव्हती. तिथले लोक पावसाकडे आपण कावळ्यांकडे पाहतो तितपतच लक्ष देतात. मी काय करतो, हे त्याने आधी विचारून घेतले. भाषा शिकवतो म्हटल्यावर तो खूष झाला.

"मग सुरुवात इथूनच," तो म्हणाला, आणि त्या नगरभवनाकडे बोट दाखवले. ब्रायन फ्रीलच्या 'ट्रान्सलेशन्स' या नाटकाचा पहिला प्रयोग २३ सप्टेंबर १९८० रोजी याच इमारतीत झाला. नाटकातला काळ १८३३ चा. इंग्रज सैनिक आयर्लंडचा नकाशा तयार करायला येतात आणि गावोगावची आयरिश नावे इंग्रजी जिभेला सोसतील अशी वाकवून घेतात, हा त्याचा विषय. पुण्याचे पूना, खडकीची किर्की आणि मुंबईची बॉम्बे ज्यांच्या डोळ्यांदेखत नांदली, त्या आम्हां मंडळींना यात नवल ते काय वाटणार! पण ज्या गावाला स्वतःच्या नावावर एकमत करता आलेले नाही, त्याच गावाच्या नगरभवनात हे नाटक उभे राहावे, याचे मात्र मला नवल वाटले. जांभईचा प्रश्न तिथेच मिटला.

तटावर चढलो. डेरीचा तट १६१३ ते १६१९ या काळात बांधला गेला आणि तो आजही अखंड आहे. सुमारे दीड किलोमीटरचा फेरा, वरून चार माणसे आरामात चालतील एवढी रुंद वाट. आपले गडकोट पाहिलेल्या माणसाला उंचीची मातब्बरी वाटणार नाही. पण हा तट गावाभोवतीचा आहे. आत दुकाने, देऊळ, कचेऱ्या सारे चालू आहे आणि पोरे शाळा सुटल्यावर तटावरून घरी जातात.

फेरीकी दरवाजाशी त्याने आम्हांला थांबवले. १६८८ च्या डिसेंबरात कॅथलिक राजा जेम्सच्या बाजूचे सैन्य गावात शिरू पाहत होते. वडीलधारी मंडळी काय करावे याची खल करीत बसली, तेवढ्यात उमेदवारी करणाऱ्या तेरा पोरांनी किल्ल्या हिसकावल्या आणि दरवाजा लावून टाकला. पुढे एप्रिल १६८९ पासून एकशे पाच दिवस वेढा पडला. बाहेरच्यांनी नदीवर ओंडक्यांचा अडसर टाकून गलबतांची वाट रोखली. आत उपासमार. त्या वेढ्यातला एक पाद्री, जॉर्ज वॉकर, याने भावांची यादी लिहून ठेवली आहे : उंदीर सहा पेन्स, घूस एक शिलिंग, मांजर साडेचार शिलिंग. सौ.ने पदर नाकाला लावला. अखेर जुलैअखेर 'माउंटजॉय' नावाच्या गलबताने तो अडसर तोडला आणि धान्य आत आले.

१६८९ म्हटल्यावर मला राहवेना. "त्याच वर्षी आमच्याकडेही एका राजधानीला वेढा पडला होता," मी म्हणालो. संभाजीराजांचा वध मार्चमधला. इकडे लंडी नावाचा डेरीचा किल्लेदार साध्या शिपायाच्या वेषात पाठीवर ओझे घेऊन गावातून निसटला तो एप्रिलमध्ये, आणि राजाराम महाराज रायगडावरून निसटले तेही एप्रिलमध्येच! फरक एवढाच की, एक जण लढाई टाकण्यासाठी गेला आणि दुसरा ती चालू ठेवण्यासाठी. डेरी तगली, रायगड त्याच सालच्या नोव्हेंबरात पडला.

"कुणी फितुरी केली?" वाटाड्याने ताबडतोब विचारले. प्रश्न अगदी अनुभवी माणसाचा होता. सूर्याजी पिसाळाचे नाव मी सांगितले, आणि त्याबद्दल इतिहासाच्या अभ्यासकांत वाद आहे हेही सांगितले. तो म्हणाला, "आमच्याकडे वाद नाही. लंडीचा पुतळा दर डिसेंबरात जाळतात. आणि स्वतःच्या माणसांत जो कुणी तडजोडीची भाषा करील, त्याला तेव्हापासून लंडीच म्हणतात." शब्दकोश असेच तयार होतात.

जाता जाता आणखी एक. हिंदुस्थानचा इतिहास शाळेत शिकलेल्यांना हेन्री आणि जॉन लॉरेन्स हे बंधू आठवत असतील. पंजाबावर ज्यांनी कंपनीची घडी बसवली ते. दोघेही इथल्याच फॉइल कॉलेजचे विद्यार्थी. वेढ्याच्या गोष्टी ऐकत वाढलेला हा हेन्री १८५७ साली लखनौच्या वेढ्यात मेला. जॉनचा लाहोरात उभा असलेला पुतळा तिथल्या लोकांना नकोसा झाला आणि शेवटी त्याच्या शाळेच्या आवारात परत आला. माहेरी परतलेला पुतळा मी दुसरा ऐकलेला नाही.

तटाच्या दक्षिणेला फाउंटन नावाची छोटी वस्ती दिसते. नदीच्या या बाजूला उरलेले प्रॉटेस्टंट मुख्यतः इथेच. पदपथाच्या कडेचे दगड तांबड्या, पांढऱ्या आणि निळ्या रंगात रंगवलेले, आणि भिंतीवर लिहिलेले की, आम्ही अजूनही वेढ्यातच आहोत, शरण जाणार नाही. आमचा वाटाड्या जन्माने पलीकडच्या बाजूचा. पण वेढ्याची कथा त्याने अशी सांगितली होती की, मला तो आत उपाशी बसलेल्यांपैकीच एक वाटला होता. मी तसे बोललो. "त्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्याकडून शिकलो," तो म्हणाला. "तीन हिवाळे त्याच्याकडे चहाला जात होतो. माझं सांगणं त्याला पसंत पडेपर्यंत त्याने मला ते लोकांना सांगू दिलं नाही."

'रोअरिंग मेग' नावाच्या जाडजूड तोफेपासून पुढे गेले की, खाली बॉगसाइड दिसते. दलदलीवर वसलेली कॅथलिक कामकऱ्यांची वस्ती. तटावरच्या माणसाला तिथली प्रत्येक चूल दिसावी आणि तिथल्या माणसाला मान वर केल्याखेरीज तट दिसू नये, अशी ती रचना आहे. घरांची चणचण, पुरुषांना काम नाही, बायका शर्टांच्या कारखान्यांत राबणाऱ्या. मतदारसंघ असे कातरलेले की, बहुसंख्या यांची आणि नगरपालिका त्यांची. १९६८ नंतर नागरी हक्कांचे मोर्चे निघाले ते यातून.

आम्ही पायऱ्या उतरून खाली गेलो. 'आता तुम्ही मुक्त डेरीत प्रवेश करीत आहात' अशा अर्थाचे मोठे शब्द असलेली एक पांढरी भिंत रस्त्याच्या मधोमध उभी आहे. घरांच्या एका रांगेची ती टोकाची भिंत होती. घरे पाडली, भिंत राहिली. घरांच्या बाजूंवर तीन मजली चित्रे. एका चित्रात शाळेच्या गणवेशातली चौदा वर्षांची मुलगी आहे, १९७१ साली सैनिकाच्या गोळीने मेलेली. चित्रकारांनी शेजारची बंदूक आधी अखंड रंगवली होती आणि वरचे फुलपाखरू रंगाविना सोडले होते. शांतता टिकते अशी खात्री वाटल्यावर, २००६ साली, त्यांनी बंदूक मोडकी केली आणि फुलपाखरात रंग भरले.

मग रॉसव्हिल रस्त्यावरचा स्मृतिस्तंभ. ३० जानेवारी १९७२, रविवार. विनाचौकशी तुरुंगवासाच्या विरोधात निघालेल्या मोर्चावर पॅराशूट पलटणीने गोळ्या झाडल्या. तेरा जण त्या दिवशी गेले, चौदावा काही महिन्यांनी. तेरांपैकी सहा जण सतरा वर्षांचे. सरकारने नेमलेल्या न्यायमूर्तींनी त्याच एप्रिलमध्ये अहवाल देऊन सैनिकांना बहुतांशी दोषमुक्त केले आणि मेलेल्यांवरच शस्त्रांचा संशय ठेवला.

वाटाड्याने हे सगळे तटावरच्याच आवाजात सांगितले. मी नावे वाचत होतो. सौ.ने विचारले, "तुम्ही त्या दिवशी कुठे होता?"

तो दहा वर्षांचा होता. वडील आणि थोरला भाऊ मोर्चाला गेलेले, आणि आईने याला खोलीत कोंडून ठेवलेले. दोघे अंधार पडल्यावर परत आले. भावाच्या ओळखीचा एक मुलगा आला नाही. आईने त्या रात्री पाच माणसांसाठी मांडलेली ताटे कुणीच उचलली नाहीत, एवढेच त्याला स्पष्ट आठवते.

"आणि हे रोज सांगायचं? आमच्यासारख्या परक्यांना? पैसे घेऊन?" सौ. म्हणाली. इंग्रजीत ते जरा उघडेबोडके वाटले. पण प्रश्न माझ्याही मनात होता. वर्षानुवर्षे तीच विलापिका नव्या वर्गाला शिकवताना कोणत्या ओळीवर आवाज खाली आणायचा हे घशाला पाठ होते, आणि ते पाठ झालेले आपल्याला कळते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

तो रागावला नाही. जरा वेळाने म्हणाला, "२०१० पर्यंत जड जायचं. तेव्हा मी सांगत नव्हतो, भांडत होतो. ऐकणाऱ्यात कुणी इंग्रज असला तर त्याच्याच तोंडाकडे बघून बोलायचो. ती मुलं निरपराध होती हे मला रोज सकाळी अकरा वाजता सिद्ध करावं लागे. आता ते सिद्ध करायचं नाही. आता नुसतं सांगतो."

१५ जून २०१० रोजी दुसऱ्या चौकशीचा अहवाल आला. बारा वर्षे चाललेल्या त्या चौकशीने म्हटले की, मारल्या गेलेल्यांपैकी कुणापासूनही सैनिकांना धोका नव्हता. पंतप्रधान कॅमेरन यांनी पार्लमेंटात माफी मागितली. गिल्डहॉलच्या चौकात हजारो लोक उभे होते. अहवाल आधी वाचायला मिळालेले नातेवाईक आत होते, आणि बाहेरच्यांना पहिली बातमी कळली ती त्या रंगीत काचांच्या खिडकीतून बाहेर आलेल्या हातांनी, अंगठे वर केलेल्या. आमचा वाटाड्या त्या चौकात होता. आई तोवर गेलेली होती.

"आणि शिक्षा?" मी विचारले.

"एकावर खटला चालला. २०२५ च्या ऑक्टोबरात सुटला." याहून अधिक तो बोलला नाही, आणि सौ.नेही विचारले नाही.

ठरलेले दोन तास केव्हाच संपले होते. पावसाचा जोर वाढला तसा तो आम्हांला एका चहाच्या दुकानात घेऊन गेला. चहाचे पैसे त्याने आम्हांला देऊ दिले नाहीत. "आता फिरती संपली, तुम्ही पाहुणे," म्हणाला. सौ.ने पिशवीतून शंकरपाळ्यांची पुडी काढली. ती पुडी पुण्याहून डब्लिनमार्गे फुटता फुटता तिथवर आली होती. त्याने एक तोंडात टाकली, दुसरी घेतली, आणि खिशातून एक छोटी वही काढून माझ्यापुढे सरकवली.

"तो तुमचा किल्ला," तो म्हणाला. "नाव तुम्हीच लिहा. तुमच्या लिपीत आधी. मग मी विचारीन कसं म्हणायचं ते."

मी 'रायगड' लिहिले. त्याने ते चारदा म्हणून पाहिले. 'ड' काही जमेना, सौ. त्याला जीभ कुठे लावायची ते दाखवीत राहिली. मग त्याने खाली स्वतःच्या अक्षरात १६८९ लिहिले आणि म्हणाला, "हं, आता सुरुवातीपासून सांगा. दरवाजे किती होते?"