उलटे आटे

सायकलीच्या पायडलांचा आंस ज्या दोन कपांत फिरतो, त्यांकडे आम्हां गृहस्थांचें लक्ष क्वचितच जातें. इंग्रजी मापाच्या फ्रेमींत साखळीकडील कपाचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या कांट्यांविरुद्ध फिरविला म्हणजे तो आवळतो. पायडल मारतांना दाब आंसाबरोबर फिरतो व कप त्याच्या उलट दिशेस सरकूं पाहतो; उलट्या आट्यांमुळें तें सरकणेंच त्यास घट्ट करतें. इटालियन मापांत दोन्हीकडे सरळ आटे असल्यानें उजवा कप सैल होण्याची तक्रार जुनीच आहे.

हें न जाणतां कारागीर पान्यावर जोर देतो, आटे जातात आणि एखाद्या गरीब विद्यार्थ्याची सायकल निकामी होते. म्हणून कप प्रथम हातानेंच फिरवावा. अडला तर थांबून दिशा पाहावी. बळाआधीं विचार, हें आम्ही वर्गांत शिकविलें. तें दुकानांतही तितकेंच खरें आहे.