पाच की तेरा?

लेकीकडे अमेरिकेत गेलो होतो तेव्हा तिने आम्हाला पेनसिल्वेनियातल्या लँकेस्टर परगण्यात नेलं होतं. तिथे अमिश लोक पाहिले. घोडागाड्या, दोरीवर वाळणारे एकरंगी कपडे, घराला विजेची तार नाही. डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम सव्वानऊ तासांचा. ही माणसं हिवाळ्यात उदास होत नसतील का, हा प्रश्न मनात राहिला.

परवा वाचलं, की मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांना हेच विचारलंय. ऋतूबरोबर येणाऱ्या नैराश्याचं वर्णन नॉर्मन रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली केलं. त्यांचीच प्रश्नावली इथे वापरली. झोप, लोकांत मिसळणं, मनःस्थिती, वजन, भूक, उत्साह. ऋतूप्रमाणे यात किती फरक पडतो? प्रत्येकी शून्य ते चार गुण, एकूण चोवीस. अकरा किंवा जास्त गुण आणि त्याचा बऱ्यापैकी त्रासही असेल, तर दखल घ्यायची. अमिशांमध्ये असे फारच थोडे निघाले. सहा उत्तरं आपसात जुळतात का, हेही तपासलं. बरी जुळली.

पण जन्मभर पेपर तपासलेल्या माझ्यासारख्याला शंका येतेच. लँकेस्टरच्या अमिशांची लग्नं परंपरेने नोव्हेंबरात, सुगी आटोपल्यावर. शेकडो पाहुणे, भरपूर जेवण. मग "सर्वांत जास्त केव्हा खाता, केव्हा लोकांत मिसळता" याचं उत्तर अंधाराने ठरवलं की लग्नांनी? शिवाय स्वतःचं फार बोलू नये, हीच त्यांची शिकवण. असा माणस आपल्या दुःखाला चार गुण देईल? (आमचे वडील तर शून्यच देते.) उत्तरं एकमेकांशी जुळली म्हणजे खरी झालीच असं नाही. काटा रोज शंभर ग्रॅम कमी दाखवत असेल, तर तोही नेमाने तेवढंच दाखवतो.

म्हणून ते सहा प्रश्न वहीत उतरवून मी स्वतः सोडवले. पाच गुण. पंधरा दिवसांनी पुन्हा सोडवले, पुन्हा पाच. खूश झालो. मग हिला म्हटलं, माझ्याबद्दल तू भर.

हिने चष्मा लावला, फार विचार न करता आकडे टाकले. तेरा.

"श्रावण संपेपर्यंत तुम्ही धड बोलत नाही," ती म्हणाली. "मी काय वहीत लिहून ठेवते का? पण दर वर्षी होतं."

जुन्या डायऱ्या काढून पाहिल्या. जुलै-ऑगस्टची पानं बहुतेक कोरी आहेत.