चौकोन तेच, बाण वेगळे

कंपनी कशी चालते याचे नकाशे काढणं हे माझं पोटापाण्याचं काम. नाव भारदस्त आहे, एन्टरप्राइज आर्किटेक्चर. पण खरं सांगायचं तर चौकोन आणि त्यांना जोडणारे बाण, एवढंच! या नकाशांसाठी आर्किमेट नावाची एक चित्रभाषा आहे. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत (2016) नात्यांचे अकरा प्रकार आहेत. नवीन मुलं चौकोनांवर तासन्‌तास घालवतात आणि बाण कुठलातरी मारून देतात. त्यांना मी मेंढा-लेखाची गोष्ट सांगतो.

गडचिरोली जिल्ह्यातलं, धानोरा तालुक्यातलं हे गोंडांचं छोटं गाव. नकाशा काढला तर चौकोन मोजकेच: गाव, जंगल, बांबू, वनखातं. पूर्वी गावापासून जंगलाकडे जाणारा बाण होता 'ॲक्सेस'चा. म्हणजे निस्तार हक्क. घरापुरता बांबू आणा, जळण आणा, बस. कारभार वनखात्याचा, आणि या पट्ट्यातला बांबू भाडेपट्ट्याने जायचा शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, बल्लारपूरच्या पेपर मिलला. मग 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. आता बाण 'असाइनमेंट'चा, म्हणजे जबाबदारीचा. राखायचं, वाढवायचं, काय तोडायचं ते ग्रामसभेनं ठरवायचं. चौकोन मात्र एकही बदलला नाही.

तरी बांबू विकता येईना! कारण आणखी एक बाण मधे आडवा होता, 'स्पेशलायझेशन'चा. म्हणजे 'हा त्याचा एक प्रकार'. एकदा प्रकार म्हटलं की वरच्याचे सगळे नियम खालच्याला लागू. 1927 च्या वन कायद्यात बांबू वृक्षात मोडायचा, म्हणून वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातात. वनहक्क कायदा त्याच बांबूला गौण वनोपज म्हणतो. आणि वनस्पतीशास्त्राला विचाराल तर ते चक्क गवत! बांबूला बिचाऱ्याला यातल्या कशाचंच सोयरसुतक नाही, पण गावाची मजुरी त्यावर अडलेली. शेवटी 27 एप्रिल 2011 ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी वाहतूक परवान्यांचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. 1927 च्या कायद्यातल्या वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो त्यानंतर, 2017 मध्ये.

म्हणून मुलांना सांगतो, बाण काढताना विचारा: याच्यामुळे कुणाला काय करता येणार आहे, आणि कुणाचं काय अडणार आहे?

मेंढ्याची घोषणा तुम्ही ऐकली असेल: "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार". पहिल्या भागात 'आमचं', म्हणजे दोन चौकोन आणि त्यांच्यात एक बाण. दुसऱ्या भागात 'आम्हीच'. तिथे बाणच उरत नाही, दोन्ही चौकोन एक होतात.

आर्किमेटच्या अकरा नात्यांत हे नातं नाही. मी शोधून पाहिलंय!