पिल्लाच्या पोटातली लाट

आपण गिळलेल्या घासाचं पुढे काय होतं ते आपल्याला दिसत नाही. पण एका माशाच्या पिल्लाच्या पोटात ते चक्क दिसतं! झेब्राफिश त्याचं नाव. अंगावर निळे पट्टे, लांबी जेमतेम दीड इंच. परदेशी नाही हं, आपल्याच देशातल्या ओढ्यांत आणि भातखाचरांत राहणारा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतल्या माशांवरच्या पुस्तकात त्याची नोंद केली.

आमच्या वसईच्या घरी टाकीत हे मासे आहेत. तळाशी गोट्या पसरायच्या. सकाळी उजेड झाला की मादी अंडी घालते आणि ती गोट्यांच्या फटींत पडतात. नाहीतर आईबापच ती गट्टम करतात! दोन-तीन दिवसांत पिल्लू बाहेर येतं, काचेसारखं आरपार. चौथ्या दिवसाच्या सुमारास त्याचं आतडं हलू लागतं. पण तेही पारदर्शकच, मग नीट दिसणार कसं? त्यासाठी पाण्यात न्यूट्रल रेड नावाचा रंग अगदी किंचित घालतात. तो आतड्यात साचतो. माशाला कापावं लागत नाही.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे रंग नि सूक्ष्मदर्शक हाताशी होते. सहावीतल्या भाच्याला बोलावलं. त्याला लाल रेघ दिसली, मग रेघेवरून सरकत जाणारी आवळण. झेब्राफिशला जठर नसतंच! आतड्याचा पुढचा भाग फुगीर असतो. तिकडे काही लाटा उलट्या येतात, अन्न घुसळतात. बाकीच्या मागे जातात आणि उरलंसुरलं बाहेर ढकलतात.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मावशी, माझ्या पोटात अशी लाट का येत नव्हती गं?”

जन्मल्यावर दोन दिवस त्याला शी झाली नव्हती. पोट ढोलकीसारखं फुगलं. आपलं शरीर काही आरपार नाही, म्हणून डॉक्टरांनी बेरियम आत सोडून एक्स-रे काढला. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नव्हत्या! लाटेला हुकूम देणारंच कुणी नाही. तेवढा भाग शस्त्रक्रियेनं काढला. हर्शस्प्रुंग नावाचा हा आजार साधारण पाच हजार बाळांत एकाला होतो. ‘रेट’ नावाच्या जनुकात बिघाड हे त्याचं एक मोठं कारण. तेच जनुक झेब्राफिशमध्येही आहे आणि तिथे ते बिघडलं तर पिल्लाच्या आतड्यातही मज्जापेशी पोचत नाहीत. म्हणून तर शास्त्रज्ञ रंग देऊन ही इवली पोटं बघत बसतात.

हे सांगितलं तेव्हा त्यानं शर्ट वर करून टाक्यांची खूण चाचपली आणि विचारलं, “मग त्या पिल्लाचं ऑपरेशन कोण करणार?”

गोट्यांचा प्रयोग घरी जरूर करा. रंगाचा मात्र नको. थोडा जास्त झाला तरी पिल्लू मरतं. आणि टाकीतले मासे वाडीतल्या बावखलात सोडू नका. तिथे आधीपासून राहणारे मासे आहेत.