कारण न विचारता मिळालेलं अर्धं तिकीट

एचआयव्ही असलेल्यांना एसटीच्या साध्या गाडीत मोफत प्रवासाची सवलत आहे. तरीही बिद्रीहून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात गोळ्या आणायला जाताना मी अर्धं तिकीटच काढते. 17 मार्च 2023 पासून बायकांना सरसकट अर्धं तिकीट झालं. त्यासाठी कंडक्टर कारण विचारत नाही. मोफत प्रवासाला मात्र दाखला काढून दाखवावा लागतो, आणि गारगोटी-कोल्हापूर गाडीत तो एकट्या कंडक्टरच्या नजरेला पडत नाही. मागच्या सीटवर भावकीतलं कुणी असतं, पुढं साखर कारखान्यात कामाला जाणारं ओळखीचं माणूस. निम्मी सवलत बिनबोभाट मिळते म्हणून मी पूर्ण सवलतीवर पाणी सोडते. माझं म्हणणं एवढंच आहे की, आजाराची मदत घेताना जितक्या लोकांपुढं तोंड उघडावं लागतं, तितकी ती घेणारी माणसं कमी होत जातात.

उपचाराची बाजू आज भक्कम आहे, हे आधी मान्य करायला हवं. सरकारनं 1 एप्रिल 2004 ला मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीचा विषाणू दाबून ठेवणारी औषधं, सुरू केली. तेव्हा पांढऱ्या पेशी ठराविक आकड्याखाली उतरल्यावरच औषध मिळे. 2017 पासून निदान झालं की उपचार सुरू करायचं धोरण आलं. आता बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर मिळून रोज एकच गोळी असते. रक्तवाढीची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यासोबतच गिळायची नाही, वेळ सांभाळायची, एवढं पथ्य. डबीवरचं लेबल खरवडून काढणारे खूप आहेत. तेही चालेल, पण गोळ्या दुसऱ्या डब्यात ओतू नयेत. ओल शोषणारी पुडी त्याच डबीत असते. गोळी फुकट, सोपी आणि गुणकारी असूनही लेबल खरवडावं लागतं, यावरून अडचण कुठं आहे ते कळावं.

यावर जाणती माणसंही म्हणतात, असं लपवत राहिलात तर कलंक जाणार कसा? सांगलीत संग्राम ही संस्था आणि व्हॅम्प ही वेश्याव्यवसायातल्या बायकांची संघटना, यांतल्या बायकांनी उघडपणे काम करून दाखवलंच की. दाखवलं, आणि त्याचा फायदा माझ्यासारखीलाही झाला. पण त्या संघटनेच्या बळावर बोलल्या. एकट्या सुनेनं धाडस करावं, मगच तिला सवलत द्यावी, हा कुठला न्याय? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : गुप्ततेपायी जोडीदाराचा जीव धोक्यात येतो. त्याची सोय 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात आहे. समुपदेशनानंतरही माणूस जोडीदाराला सांगणार नाही असं दिसलं, तर डॉक्टर सांगू शकतात. बाईला त्यातून मारहाणीची भीती असेल तर तिला संरक्षण आहे. शिवाय नियमित औषधानं रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका दबला, की शरीरसंबंधातून तो पुढं जात नाही. युरोपातल्या पार्टनर अभ्यासात असा विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून झालेली एकही लागण सापडली नाही. म्हणजे जोडीदाराला वाचवायचं तर माणूस गोळीवर टिकला पाहिजे. गावाला कळून त्यात काही भर पडत नाही.

मदत अशी बिनबोभाट द्यायला नवा खर्चही फारसा नाही. प्रकृती स्थिर असलेल्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची पद्धत आहेच, ती नेटानं पाळावी. गळीत हंगामात बीडकडून येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांना तर तिची जास्त गरज. गोळ्या आणायला खाडा केला की मुकादम उचलीतून कापतो. संजय गांधी निराधार योजनेत हा आजार बसतो, पण उत्पन्नाच्या दाखल्यापासून कागद गावातूनच फिरायला लागतात. तिथं कारणाचा रकाना कोरा ठेवून एआरटी केंद्रानं थेट तहसीलला खात्री द्यावी. आणि एसटीच्या सवलतीचे पैसे गोळ्या घेतानाच खात्यावर जमा करावेत, मग दाखला कंडक्टरपुढं धरायची वेळच येणार नाही. खोटे लाभार्थी घुसतील म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, या आजाराचं खोटं सोंग घेऊन रांगेत उभं राहणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय का?