तांबट आळीतली कल्हई

परवा शाळेला सुट्टी होती. सासूबाईंचं जुनं पितळी पातेलं पिशवीत घातलं आणि कल्हईसाठी पुण्यातली तांबट आळी गाठली. धाकट्या जाऊबाईंचा मुलगा नुकताच वर्षाचा झाला आहे. "त्याचं दूध पितळेतच तापवा, मानवतं," असा सासूबाईंचा आग्रह!

कसबा पेठेत शिरलं की आळी दिसण्याआधी ऐकू येते. ठक् ठक्, ठक् ठक्! पेशव्यांच्या काळात कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. बंब, घंगाळी, हंडे यांच्यावर हातोडीने मठारकाम चाललेलं असतं. पूर्वीइतकी घरं आता या धंद्यात नाहीत. पण हात तेच.

कल्हई करणाऱ्याने पातेलं तापवलं, नवसागर टाकला, कथलाची कांडी फिरवली आणि कापसाच्या बोळ्याने पुसलं. धुराचा भपका उठला नि आतून चांदीसारखं लख्ख! पातेलं हातात देताना तो म्हणाला, "ताई, कल्हई उडाली की यात दूध, ताक, आंबट काही ठेवू नका."

आपण म्हणतो 'कळकलं', ते हेच. पितळेत तांबं आणि जस्त असतं. तांबं शरीराला हवं, पण दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम पुरे. बिनकल्हईच्या भांड्यात दूध तापवून ठेवलं, तर त्यातलं प्रथिन तांबं धरून ठेवतं. तान्ह्या बाळाचं यकृत ते बाहेर टाकू शकत नाही. ते साठतं आणि यकृत कडक होत जातं. आपल्याकडे लहान मुलांना होणाऱ्या यकृताच्या एका जीवघेण्या रोगामागे हेच कारण असावं, असं पुण्याच्या आणि इंग्लंडच्या डॉक्टरांनी मिळून १९८३ साली मांडलं. पुढे घरोघरी स्टील आलं आणि तो रोग जवळजवळ दिसेनासा झाला.

घरी येऊन मी हे सगळं सासूबाईंना सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझा पहिला दीड वर्षाचा होऊन गेला. पोट फुगलं होतं, डोळे पिवळे झाले होते. आम्ही दृष्ट काढत बसलो. त्याचं दूध याच पातेल्यात तापायचं गं."

मला काय बोलावं सुचेना. "आई, त्याला तेच झालं होतं असं आता कोण सांगणार? आणि तेव्हा कुणाला ठाऊक होतं?" एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच स्टीलचं पातेलं काढून जाऊबाईंच्या हातात दिलं. पितळी पातेल्यात आता आमची साधी खिचडी होते.

मैत्रिणींनो, जुनी भांडी मोडीत काढा असं माझं म्हणणं नाही. पण आतून पिवळं दिसू लागलं की वेळेवर कल्हई करा, कथील शुद्ध आहे ना, त्यात शिसं मिसळलेलं नाही ना, हे विचारून घ्या, तांब्या-पितळेत आंबट ठेवू नका. आणि बाळाचं दूध? ते मात्र स्टीलमध्येच!